मोठी लढाई झाली नाही

कार्तिकात भाताची झोडणी सुरू झाली की भोरच्या हवेत बारीक कूस तरंगायला लागते. ती दिसत नाही, पण मानेला, कोपराच्या लवणीत, पापण्यांच्या कडेला चावते. यंदाही परवापासून चावायला लागली. शाळेच्या खिडकीखालून पेंढ्याने भरलेला ट्रॅक्टर गेला, पुढच्या बाकावरच्या दोघीतिघी शिंकल्या, आणि हातात खडू धरून मी जरा वेळ तशीच उभी राहिले. फळ्यावर काय लिहायचं होतं तेच विसरले होते. दर सुगीला असं होतं. भाताच्या वासाबरोबर मला बंदुकांची पुस्तकं आठवतात, आणि ती आठवली की कशावर विश्वास ठेवायचा हे काही काळ कळेनासं होतं.

ती पुस्तकं तात्यांची. तात्या म्हणजे माझे सासरे. वरंध घाटाच्या अलीकडे हिर्डोशीला आमचं घर आहे, थोडी भाताची खाचरं आणि वरच्या उतारावर नाचणी. तात्या तरुणपणी फौजेत गेले, एकाहत्तरच्या लढाईत होते, नाईक होऊन पेन्शनीत आले आणि मग उरलेलं आयुष्य त्यांनी चिखलात काढलं. मी आणि माझा नवरा नोकरीमुळे भोरात राहतो.

लग्नानंतर पहिल्यांदा हिर्डोशीला गेले तेव्हा सासूबाईंनी मला घर दाखवलं. ओटी, चूल, भाताच्या कणग्या, आणि कणग्यांच्या शेजारी बियाण्याच्या खोलीत भिंतभर फळ्या. फळ्यांवर जाडजूड इंग्रजी पुस्तकं. रायफलींचे कोश, जुन्या ठासणीच्या बंदुका जमवणाऱ्यांसाठी छापलेले रंगीत ग्रंथ, पलटणींचे इतिहास, लढायांचे नकाशे. मी इंग्रजी शिकवणारी, मला वाटलं, सासरे मोठे वाचक दिसतात. सासूबाई हसून म्हणाल्या, "त्यास्नी कुठं विंग्रजी वाचता येतंय. चित्रं बगत्यात."

पुढे कळलं की पेन्शनीच्या कामाला पुण्याला गेले की तात्या जुन्या पुस्तकांच्या पथाऱ्यांवर दुपार घालवायचे आणि खताच्या पिशवीत पुस्तकं भरून एसटीने परत यायचे. तिथेच त्यांची पाटणकरांशी ओळख झाली. पाटणकर पुण्याचे, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना शस्त्रांची पुस्तकं जमवायचा नाद. एका पथारीवर दोघांनी एकाच पुस्तकाला हात घातला. पाटणकर म्हणाले, "आजोबा, हे तुम्हाला कशाला हवंय?" तात्यांनी उघडलेल्या पानावरच्या रायफलीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हिला मी उशाशी घेऊन झोपलोय." पाटणकरांनी पुस्तक सोडलं आणि तात्यांना धरलं, ते कायमचं. हिर्डोशीला येऊन ते बियाण्याच्या खोलीत बसायचे, पुस्तकाचं वेष्टण शाबूत आहे का, नकाशे फाटले तर नाहीत ना, ते बघायचे. कुठली रायफल कधी बदलली, का बदलली, सगळं त्यांना पाठ. स्वतः मात्र त्यांनी एकही बार काढलेला नव्हता.

मला तात्यांचं कोडं वाटायचं. रानडुकरं भातात शिरली की गावातला एक शेतकरी परवान्याची बंदूक काढायचा आणि संध्याकाळी एखादा बार व्हायचा. बार झाला की तात्या हातातलं काम टाकून घरात जाऊन बसत. आवाज सहन होत नाही म्हणावं, तर मग त्या भिंतभर बंदुका कशाला? मी एकदा नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "फौजेतल्या माणसाचा नाद असतो, चालायचंच." माझं समाधान झालं नाही, पण सासऱ्यांना असं काही विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

ज्या सुगीत हे कोडं उलगडलं ती आली तोवर सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. भात पिवळं पडलं आणि नेमका त्याच वेळी तात्यांच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढावा लागला. डॉक्टरांनी बजावलं, धुळीत जायचं नाही. झोडणीच्या दिवसांत हिर्डोशीला धूळ नाही अशी जागा कुठली? म्हणून त्यांना आमच्याकडे भोरात आणलं. काळा चष्मा लावून ते गॅलरीत बसायचे आणि दिवसातून कितीदा तरी मोबाईलवरून गावात विचारायचे, "झोडनी कुठवर आली?" शेतकऱ्याला सुगीत बसवून ठेवणं म्हणजे काय हाल असतात ते मी तेव्हा पाहिलं. हात सारखे काहीतरी शोधत असायचे. शेवटी त्यांनी माझ्या नवऱ्याला हिर्डोशीहून पुस्तकांची गोणी आणायला लावली. पण डॉक्टरांनी डोळ्यांना ताण द्यायलाही मनाई केली होती. मला दिवाळीची सुट्टी होती.

"मनीषा," ते म्हणाले, "तूच वाच की जरा. आजपातूर नुसती चितरं बगितली. लिव्हलंय काय त्ये तरी कळंल."

म्हणून मी दुपारी बंदुकांची पुस्तकं वाचू लागले. एक वाक्य इंग्रजीत वाचायचं, मग मराठीत सांगायचं. इतकी वर्षं कणग्यांशेजारी राहिलेली पुस्तकं, उघडली की शिवणीतून भाताचा कोंडा मांडीवर पडायचा. एका पानावर रायफल उभी चिरून आतलं सगळं दाखवलं होतं, स्प्रिंगा, खिळे, गोळीची वाट. मला बंदुकीचा तिटकारा, पण ते चित्र सुंदर होतं हे नाकारता येईना. लाटलेल्या पापडासारखं पातळ काहीतरी कुणीतरी जीव लावून काढलेलं. आपल्याला हे आवडतंय का, आणि आवडावं का, हे मला ठरवता येत नव्हतं.

त्या कोशात तात्यांच्या रायफलीबद्दल जमवणाऱ्यांसाठी सूचना होत्या. लाकडी दस्ता मूळचा आहे का पाहावं, शिक्का स्पष्ट असावा, सगळ्या भागांवर एकच क्रमांक असल्यास उत्तम. तात्या चष्म्याआडून हसले. "कोतातनं काडताना कोन बगतंय नंबर?" कोत म्हणजे पलटणीची शस्त्रं ठेवायची खोली. मग त्यांनी विचारलं, "वजन लिव्हलंय का?" मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "थंडीत जास्ती भरायची."

एका दुपारी गुंजवण्याहून अनुसयाबाईंचा फोन आला. अनुसयाबाई म्हणजे किसनरावांची पत्नी. किसन आणि तात्या एकाच भरतीत फौजेत गेले, एकाच पलटणीत पडले. किसन राजगडाच्या पायथ्याचा, तात्या हिर्डोशीचे, दोघांना गावाकडच्या भाताशिवाय दुसरा विषय नसायचा. एकाहत्तरच्या हिवाळ्यात, उत्तरेकडे एका टेकडीवर, किसनला गोळी लागली आणि तो गेला, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. कारण तात्या दर सुगीनंतर गुंजवण्याला जाऊन अनुसयाबाईंच्या ओट्यावर बसायचे आणि ती टेकडी सांगायचे. पायथ्याला डाव्या हाताला ओढा, वर तीन झाडं, आणि राजगडाच्या सुवेळा माचीसारखी लांब सोंड. किसनच म्हणाला होता म्हणे, ही तर आपली सुवेळा. मग सगळी तुकडी तिला सुवेळाच म्हणू लागली. गोळी लागायच्या जरा आधी तो म्हणाला होता, "आता भात झोडून झालं आसंल."

फोनवर अनुसयाबाईंनी सांगितलं की वाडीवरच्या विहारापुढे किसनच्या नावाची पाटी बसवायची ठरली आहे. विंझरच्या पाटी कोरणाऱ्याकडे काम दिलंय. पोरं विचारतायत, कुठल्या टेकडीवर वीरमरण आलं ते लिहू या, तर तिचं खरं नाव काय?

तात्यांनी फोन खाली ठेवला. बराच वेळ गॅलरीच्या गजांवर हात फिरवत बसले. मग म्हणाले, "खरं नाव मला ठावं न्हाई. आमाला कुनी सांगितलंच न्हाई. चला म्हनले, चाललो. ह्या पुस्तकात कुठंतरी आसंल म्हनून तर घेत ऱ्हायलो."

मी वाचत होते ते पुस्तक मांडीवर तसंच उघडं होतं. भिंतभर पुस्तकं मला दिसली, खताच्या पिशवीतून, एसटीच्या टपावरून आलेली. नाद नव्हता तो. इंग्रजी न येणारा माणूस एक टेकडी शोधत होता आणि लाजेने कुणाला विचारत नव्हता.

दुसऱ्याच दिवशी पाटणकरांना फोन गेला. त्यांच्या संग्रहात त्या आघाडीचा सविस्तर इतिहास होता. सहसा ते पुस्तक घराबाहेर काढत नसत. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या भाजीसारखं जपून ते स्वतः पुस्तक भोरला घेऊन आले. जाताना मला म्हणाले, "वाचताना चहा लांब ठेवा हं."

मी त्या भागाचं प्रकरण काढलं. तात्या पुढे सरकून बसले. कुठली पलटण कुठून निघाली, पूल कुणी उडवला, सगळं येत गेलं. तात्या मान डोलवत होते, "बराबर, बराबर." मग एक सोपं वाक्य आलं. मी ते सरळ वाचलं आणि सरळ मराठीत केलं.

"उत्तरेकडच्या सोंडांवर मोठी लढाई झाली नाही."

आणि पुढच्या परिच्छेदात लेखक नदीकडे वळला होता.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"मोठी न्हाई म्हंजी? झाली का न्हाई झाली?"

"इथे 'सिरियस' असा शब्द आहे, तात्या. नो सिरियस फायटिंग. म्हणजे फारशी नाही. गंभीर अशी नाही."

"दवाखान्यात शिरेस म्हनत्यात त्योच शबुद?"

"तोच."

"मंग किती मानसं गेली म्हंजी शिरेस धरत्यात?"

मी उठून शब्दकोश काढला. त्यात अर्थ बरेच होते, पण तात्यांच्या प्रश्नाला लागू पडेल असा एकही नव्हता. अजूनही वर्गात तो शब्द आला की मी मुलांना अर्थ सांगते आणि सांगतासांगता आवाज खाली येतो.

पुढचे दिवस आमच्या हॉलमध्ये पुस्तकंच पुस्तकं पसरलेली होती. गोणीतल्या दुसऱ्या एका इतिहासात एका सोंडेवर जोराची लढाई झाल्याचं सापडलं. तात्यांचा चेहरा उजळला. पण तिथे लढलेली पलटण वेगळी होती आणि ओढा उजव्या हाताला. तिसऱ्यात नकाशा होता. तो सरळ धरला की काही जुळत नसे, उलटा धरला की सगळं जुळायचं. मी पाटणकरांना फोन केला. ते म्हणाले, "वहिनी, खरं सांगू? लिहिणारे पुष्कळदा आधीच्या पुस्तकांवरून लिहितात. आणि आम्ही जमवणारे, पहिली आवृत्ती आहे का ते बघतो. आत काय लिहिलंय ते खरं की खोटं, हे मी कधी तपासलेलं नाही. कसं तपासणार?"

तात्या मात्र बदलत चालले होते. चहा पिता पिता कप खाली ठेवायचे, हवेत आधी डावा हात पुढे करायचे, मग उजवा. "वढा ह्या अंगाला का त्या अंगाला?" झाडं तीन की दोन? मी म्हणायचे, तात्या, तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय, पुस्तकवाला तिथे नव्हता. त्यावर ते म्हणाले, "म्या बगितलं त्ये एकदाच. सांगितलं लई येळा. सांगून सांगून त्येच तसं झालं आसंल तर?"

मी आयुष्यभर मुलांना सांगत आले, शंका आली तर पुस्तकात बघा. आणि इथे पुस्तकात बघितल्यामुळेच एका माणसाच्या पायाखालची टेकडी सरकली होती. पुस्तक खोटं म्हणावं तर कशाच्या बळावर, आणि तात्यांना चुकलेलं म्हणावं तर कुठल्या तोंडाने?

झोडणी संपली, डोळा बरा झाला, आणि आम्ही गुंजवण्याला निघालो. कापूरहोळ, नसरापूर, मग मार्गासनीवरून आत. खाचरं मोकळी झाली होती, नुसती धसकटं आणि मध्ये पेंढ्याच्या गंज्या. राजगड समोर आला तसे तात्या काचेला कपाळ लावून सुवेळा माचीकडे बघत राहिले. अनुसयाबाईंचं मूळ घर धरणात गेलं. आता वाडी वर सरकली आहे. नव्या घराच्या ओट्यावर अनुसयाबाई पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी आम्हाला घोंगडी टाकली, पाणी दिलं आणि परत शेंगा पुढे ओढल्या. मीही सोलायला बसले.

"वैनी," तात्या म्हणाले, "टेकडी काय घावली न्हाई. पुस्तकात तर म्हनत्यात, तिकडं लढाईच झाली न्हाई."

"न्हाई घावली तर ऱ्हाऊ द्या, भावजी."

"पर पाटीवर तर लिवाया पायजे. त्यो तिथं गेला."

अनुसयाबाईंचे हात थांबले. त्या माझ्याकडे बघून मग तात्यांकडे वळल्या. "तवा फौजेचा सायब आला व्हता घरी. त्यो म्हनला, दवाखान्यात गेला. काई दिस व्हता म्हनं तिथं."

"कोन सायब? न्हाई. माझ्या म्होरं पडला त्यो."

"पडला. मंग त्येला खाली कुनी न्हेलं?"

"म्याच. म्या आन् आनखी एकानं. खाली गाडी व्हती, गाडीत घातला."

"मंग म्होरं?"

ओट्यावरून एक कोंबडी शेंगांच्या सालांकडे आली, तिला हाकलायचंही कुणाच्या ध्यानात आलं नाही. "म्होरं मला परत वर धाडलं," ते म्हणाले.

"मंग म्होरचं तुमी बगितलं न्हाई."

"म्हंजी तवा त्यो जित्ता व्हता?"

"आसंल."

"तुमी मला कदी बोलला न्हाई."

"तुमी दर साल यायचा, टेकडीचं सांगायचा," अनुसयाबाई म्हणाल्या. "आमच्याकडं त्येचं बोलनारं दुसरं हाय कोन? तुमी सांगताना त्यो हितं बसल्यावानी वाटायचा. मी म्हनलं, आसंल टेकडीवरच. सायबाला तरी काय ठावं."

"दवाखान्यात काय बोलला का त्यो?"

"त्ये मला कुनी सांगितलं न्हाई."

मग आम्ही आमटीभात जेवलो, नवा तांदूळ, ऊन ऊन, वाफेला दुधासारखा वास. तात्यांनी ताटातलं सगळं संपवलं. परतताना नसरापूरला चहाला थांबलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, "त्यो जित्ता व्हता, मनीषा." हे आनंदाने म्हटलं की दुःखाने, ते मला कळलं नाही. मला वाटतं त्यांनाही कळलं नसावं. इतकी वर्षं ज्याला त्यांनी टेकडीवर मेलेला धरलं, तो कुठल्यातरी खाटेवर जागा होता, आणि त्या वेळी तात्या वर थंडीत पहारा देत होते. कोणतं बरं, कोणतं वाईट?

किंवा तो साहेबच चुकला असेल. ही शक्यता मला आजही सोडत नाही. एका घरी सांगायचं ते दुसऱ्या घरी सांगितलं असेल. लढाईनंतर अशी किती घरं असतात.

पाटीवर शेवटी काय लिहायचं ते अनुसयाबाईंनीच विंझरला निरोप पाठवून ठरवलं. किसनचं नाव, आणि खाली धरणात गेलेल्या जुन्या वाडीचं नाव. टेकडीची ओळ काढून टाकली. पौषात एका सकाळी पाटी बसवली. विहारापुढच्या पटांगणात सतरंज्या, शाळेची मुलं रांगेत, आजूबाजूच्या गावांतले दोनचार पेन्शनीत आलेले फौजी टोप्या घालून खुर्च्यांवर. पाटणकरही पुण्याहून आले होते. ते नेहमी काहीतरी बोलत असतात, त्या दिवशी मागे उभे राहिले. तात्यांनी पदकं लावली होती. सरपंचांनी त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. सगळ्यांना ठाऊक होतं ते सुवेळेची गोष्ट सांगणार, मुलं तर ऐकायला सरसावून बसली.

तात्या उभे राहिले. माईक त्यांनी नको म्हणून बाजूला केला.

"किसन माझ्यासंगं व्हता," ते म्हणाले. "टेकडीचं खरं नाव मला ठावं न्हाई. तिथली लढाई मोठी का बारीक, त्ये बी मला सांगता यायचं न्हाई. त्येला गोळी लागली, त्ये म्या बगितलं. म्होरं त्यो जित्ता व्हता, त्ये म्या बगितलं न्हाई." ते बहुतेक आणखी काही आठवून पाहत होते. "बास. आनखी न्हाई."

टाळ्या वाजवायच्या की नाही ते कुणाला कळेना. सरपंच एकदा मुलांकडे, एकदा पाटीकडे बघत राहिले. तात्याही उभेच, खुर्ची कुठे होती ते विसरल्यासारखे. तेव्हा बायकांच्या सतरंजीवरून अनुसयाबाईंनी हात वर केला आणि शेजारची जागा थोपटली. "हितं बसा, भावजी. दमला आसाल."

तात्या चालत बायकांमध्ये गेले आणि टोपी काढून त्यांच्याजवळ खाली बसले. मी मागेच होते, म्हणून मला ऐकू आलं.

"दवाखान्यात शेगडी आसती, वैनी," ते म्हणाले. "ऊब आसती तिथं."

"आसंल की," अनुसयाबाई म्हणाल्या. "आसंलच."